थोरलीची जागा

वस्तू निर्जीव असते. ती विकली की जाते, आणि ती गेली की तिची जागा मोकळी होते. निसर्गात याहून सरळ नियम नाही. थोरल्याने हे वाक्य रविवारी दुपारी, सगळं घर एकत्र बसलेलं असताना, घसा साफ करून ऐकवलं. ऐकायला अप्पा तेवढे नव्हते. ते त्या मोकळ्या झालेल्या जागेत दार ओढून, कानांना हेडफोन लावून बसले होते, आणि जाड काचेतून सगळ्यांना दिसत होतं की ते बसल्या बसल्या हळूहळू डावीकडे कलताहेत.

"पाण्याच्या टाकीचं वळण," आई म्हणाली. भाजी संपली हे सांगावं, त्या आवाजात.

अप्पा सरळ झाले. त्यांनी हातातलं बटण दाबलं. बाहेर थोरल्याच्या टेबलावर दिवा लागला. यंत्राचा खटका बंदवर होता.

ती जागा म्हणजे घराच्या पुढच्या अंगाचं गॅरेज. तिथे थोरली उभी असायची. थोरली म्हणजे मोटरसायकल. ताईच्या जन्माआधी वर्षभर ती या घरात आली, म्हणून वयाच्या हिशेबाने तो मान तिचाच. ताई, थोरला आणि धाकटा ही तिन्ही भावंडं तिच्या पाठची. अप्पा वीजमंडळात होते. घरोघर जाऊन मीटरचे आकडे टिपायचे, आणि उभ्या आयुष्यात त्यांनी जेवढे आकडे टिपले त्यांतला प्रत्येक आकडा थोरलीवरून आणला. शेजारपाजारचे मुलांची चौकशी करताना तिचीही करत. मुलांची उत्तरं अप्पा आईवर सोडत.

गेल्या वर्षी ते फाटकापाशी उभ्या उभ्या गाडीसकट आडवे झाले. गाडीला ओरखडासुद्धा आला नाही. अप्पांचा खुबा बदलावा लागला. इस्पितळातून घरी आल्यावर काही दिवसांनी, चहाचा कप खाली ठेवता ठेवता ते म्हणाले, "विकून टाका आता तिला."

इथे या घराची एक रीत सांगायला हवी. या घरात कुणी काही द्यायला किंवा सोडायला निघालं, की बाकीच्यांनी तीनदा 'छे' म्हणायचं असतं. आई रोज म्हणते, मला भूक नाही. सगळे तीनदा छे म्हणतात. मग आई जेवते. ताई एका शाळेची मुख्याध्यापिका आहे. ती दर वर्षी राजीनामा लिहून घरी दाखवायला आणते, सगळे तीनदा छे म्हणतात, आणि राजीनामा पुन्हा पर्समध्ये जातो. हे कुणी कुणाला शिकवलेलं नाही. दूध नासलेलं जसं नाकाला कळतं तसं हे कळतं.

पण थोरल्याचा धंदा कानाचा. लोकांची श्रवणशक्ती तपासायची आणि कानाची मशीनं बसवून द्यायची, हे तो पंचवीसेक वर्षं करत आला होता, आणि नेमका त्याच महिन्यात 'सजग श्रवण' या विषयावरचं एक शिबिर करून आला होता. समोरचा जे म्हणतो तेवढंच ऐका, आपल्या मनाचं त्यात मिसळू नका, असं तिथे सांगितलं होतं. तो म्हणाला, "बरं."

आईच्या हातातली गाळणी तशीच राहिली. अप्पांनी कप पुन्हा उचलला. त्यात काही उरलं नव्हतं, तरी त्यांनी तो तोंडाला लावला.

थोरली पुढच्याच आठवड्यात गेली. घेणारा जुन्या गाड्या जमवणारा एक टकलू होता. त्याने तिला फाटकाबाहेर ओढायला सुरुवात केली तर ती हलेना. तेव्हा मागच्या कॅरिअरला धरून ढकलली ती थोरल्याने. लहानपणी अप्पा कामाला निघाले की तो याच कॅरिअरला धरून कोपऱ्यापर्यंत धावायचा, आणि मग हात सोडायचा. हे त्याला ढकलताना आठवलं. ते त्याने कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं काय होतं त्यात? गाडी विकली होती, आणि त्याच्या तळहाताला दोन दिवस लोखंडाचा वास येत होता. साबणाने तो गेला. मग तो गेल्याचंच त्याला वाईट वाटायला लागलं.

गॅरेजमध्ये त्याने आवाजबंद खोली उभारली. आतून फोम, दुहेरी दार, एक जाड काच, आत एक खुर्ची. पेशंटने हेडफोन लावून बसायचं, स्वर ऐकू आला की बटण दाबायचं. घरातले त्या खोलीला 'कपाट' म्हणत. आवाज मोजायचं मीटर थोरल्याने स्वतः आत धरून पाहिलं होतं. काटा मेल्यासारखा पडून होता. इतकी शांतता या शहरात दुसरीकडे नाही, असं तो पेशंटना अभिमानाने सांगायचा. एवढ्या शांततेत काही जणांना स्वतःचं रक्त वाहताना ऐकू येतं, घाबरू नका, असंही.

पहिली शंका आली ती त्याच्या बायकोला. ती बाहेरच्या टेबलावर नंबर द्यायची.

"अहो, तुमचे पेशंट कलतात," ती एकदा म्हणाली.

"म्हातारे असतात. कलणारच."

"सगळे डावीकडेच?"

मग त्याच्याही लक्षात येऊ लागलं. माणसं आत बसत, डोळे मिटत, आणि त्यांचे हात मांडीवरून उठून पुढे येत. मुठी अर्धवट मिटलेल्या, कोपर जरा बाहेर. स्वर सोडलेला नसताना दिवा लागे. एक शिंपीणबाई बाहेर येऊन पदराने हात पुसत बसली, आणि विचारलं तर म्हणाली, पेट्रोलचा वास लागलाय हो हाताला. सगळ्यांत कहर केला तो एका निवृत्त पोस्टमास्तरने. हा माणूस दुसऱ्या गावचा. त्याने अप्पांना जन्मात पाहिलं नव्हतं. हेडफोन काढून तो म्हणाला, "तुमच्याकडे ते कोण येतात मोटरसायकलवरून? कोपऱ्यावरच इंजिन बंद करतात, आणि नुसते घरंगळत येतात फाटकापर्यंत. पेट्रोल वाचवण्याची चांगली सवय आहे."

थोरल्याने त्याला मशीन बसवून दिलं आणि फी घ्यायला विसरला. त्या दिवसापासून अप्पा रोज दिवस कलताना कपाटात जाऊन बसू लागले. थोरल्याशी ते बोलत, पण फक्त हवेविषयी.

म्हणून ताईने रविवारची ही बैठक बोलावली होती. खुर्च्या तिने शाळेतल्यासारख्या ओळीने मांडल्या. धाकटा मोटारी शिकवायच्या शाळेत मास्तर होता. त्याचा उजवा पाय बसल्या जागीही ब्रेक शोधत असायचा.

"मुद्दा एवढाच आहे," ताई म्हणाली. "अप्पांनी कपाटात बसायचं की नाही. माझ्या मते नाही. या वयात मनाला काहीही वाटतं."

"माझंही तेच म्हणणं," थोरला म्हणाला. ताई आपल्या बाजूला आहे याचं त्याला बरं वाटलं. ती लहानपणापासून ज्याच्या बाजूला असे तो जिंकत असे.

"अप्पांच्या मनाला वाटतं, ठीक," धाकटा म्हणाला. "आणि पोस्टमास्तरच्या?"

"तुला कुणी सांगितलं ते?"

"वहिनींनी."

थोरल्याने बायकोकडे पाहिलं. बायकोने खिडकीकडे पाहिलं. ही आघाडी केव्हा झाली, हे त्याला कळलंच नव्हतं.

तेवढ्यात कपाटाचं दार उघडून अप्पा बाहेर आले. चेहरा तजेलदार, कामावरून परत आल्यासारखा. काठी भिंतीला टेकवून म्हणाले, "बरी चाललीय. इंजिनातले टॅपेट वाजतायत जरा." आणि हात धुवायला गेले.

 आत नळ सुरू झाला. तो बराच वेळ सुरू राहिला. कारण अप्पा कामावरून आले की कोपरापर्यंत हात धूत.

"मी बसते," आई उठली.

"आई, तुला मशीनशिवाय हाक ऐकू येत नाही," थोरला म्हणाला.

"मग बरंच आहे. उगाच कशाला कोण हाक मारेल?" तिने दोन्ही कानांतली मशीनं काढून सुनेच्या हातात दिली. पोरीने बाहुली सांभाळायला द्यावी, तशी.

दार लागलं. आई काचेपलीकडे खुर्चीवर बसली, सरळ. थोरल्याने खटका पाहिला, बंद. आई काही वेळ नुसती बसून राहिली. मग तिने साडी सावरली, आणि खुर्चीवरच एका बाजूला वळून, दोन्ही पाय डावीकडे घेऊन आडवी बसली. उजवा हात पुढे केला. तो हात हवेत, एका खांद्याच्या उंचीवर, टेकला. नुसता उचललेला नाही, त्याच्याखाली काहीतरी असावं तसा, थोडा वर-खाली होत.

ताईने पर्समधून रुमाल काढला आणि तो नुसता धरून ठेवला.

बाहेर येऊन आई म्हणाली, "यांना किती वेळा सांगितलं, खड्डा चुकवा म्हणून." मशीनं तिने परत कानात घातली. थोरल्याने आपले हात खिशात घातले.

"आता मी," धाकटा म्हणाला. "आणि दादा, तू जरा लांब उभा राहा. तुझं यंत्र आहे, तुझा काही भरवसा नाही."

"माझा भरवसा? तू लायसन्स मिळवून देतोस लोकांना!"

"देतो. पण विचारून देतो. तू विकताना विचारलंस मला? चाळिशी उलटली माझी, दादा. शेकडो लोकांना गाडी शिकवली. अप्पांनी मला तिच्या किकला पाय लावू दिला नाही, आणि तू तिला टकलूला देऊन मोकळा झालास!"

"अप्पा स्वतः म्हणाले विका."

"आणि तू ऐकलंस!"

धाकटा आत जाऊन बसला. बसल्या बसल्या त्याचा उजवा पाय वर उठला आणि खाली गेला. एकदाच. मग त्याचा चेहरा असा काही उजळला की थोरल्याला मान फिरवावीशी वाटली. बाहेर आल्यावर तो दाराला टेकून उभा राहिला. "पहिल्या किकला," म्हणाला. "पहिल्या किकला लागली, ताई."

ताई उठली. "मूर्खपणा आहे सगळा," असं म्हणून ती आत गेली आणि परीक्षेला पर्यवेक्षक बसतो तशी बसली. ती ना कलली, ना तिचे हात उठले. फक्त एकदा तिने चटकन मान वळवून मागे पाहिलं. मागे फोम होता. कॉलेज सुटायच्या वेळी अप्पा पलीकडच्या फुटपाथला थांबायचे आणि दोनदा छोटा हॉर्न द्यायचे. मैत्रिणींसमोर नको म्हणून ती मान वळवायची नाही. तास झाला तरी ते तिसरा हॉर्न द्यायचे नाहीत. हे सगळ्या घराला माहीत होतं.

बाहेर येऊन तिने आपली खुर्ची थोरल्याच्या शेजारून उचलली आणि धाकट्याच्या शेजारी नेऊन ठेवली.

"हे कपाट इथून हलवायचं," ती म्हणाली. "गाडी परत आणायची."

"ताई, आत्ता तर तू म्हणत होतीस..."

"आत्ता मी बाहेर बसले होते."

"टकलूला मी फोन केलाय," धाकट्याने हळूच सांगितलं. "तो द्यायला एका पायावर तयार आहे. म्हणतो, आणल्यापासून सुरूच झाली नाही. तीन मेकॅनिक झाले. प्लग नवा, कार्बोरेटर साफ, सगळं जागच्या जागी, पण हूं की चूं नाही. म्हणतो, तुमची गाडी इकडे आलीय असं वाटतच नाही."

गॅरेज एकदम गार वाटायला लागलं. आईने खुर्ची थोडी दाराकडे सरकवली. पण बाहेरच्या नव्हे, कपाटाच्या.

"मग माझा धंदा?" थोरला म्हणाला. आवाज त्याला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. तो हल्ली तसाच निघे. "पुढची खोली रस्त्याला लागून आहे, तिथे चाचणी होत नाही. तुम्हाला प्रत्येकाला काहीतरी ऐकू आलं म्हणून मी दुकान मोडू? अगं, तू तरी सांग."

बायको खिडकीशीच उभी होती. "मी परवाच बसून आले," ती म्हणाली. "पोराच्या वेळी मला कळा सुरू झाल्या तेव्हा तुम्ही शिबिराला होतात. तुमची शिबिरं तेव्हापासूनची. अप्पांनी मला थोरलीवरून नेलं. सबंध रस्ता पहिल्या गिअरमध्ये. एकही धक्का लागू दिला नाही. तसाच आवाज येतो आत. पहिल्या गिअरचा."

म्हणजे सगळे. घरचे, दारचे, शिंपीण, पोस्टमास्तर. आपण तेवढे राहिलो, हे थोरल्याला त्या क्षणी कळलं असं नाही. ते त्याला केव्हापासून माहीत होतं. दुकान बंद करून, कुणी नसताना, तो किती वेळा त्या खुर्चीवर बसला होता. हेडफोन लावून, डोळे मिटून. पेट्रोलच्या टाकीवर पुढे बसवून अप्पा त्याला न्यायचे, तेव्हाची टाकीची ऊब त्याच्या मांड्यांना अजून आठवत होती. पहिला गिअर टाकायला तो तिच्यावरच शिकला होता, धाकट्याला जे मिळालं नाही ते सगळं त्याला मिळालं होतं. आणि कपाटात त्याच्यापुरतं काहीच नव्हतं. पोस्टमास्तरकडे जाते, माझ्याकडे येत नाही. ढकलली ना मी.

"मी बसतो," तो म्हणाला. "मला ऐकू आली तर आजच हलवतो कपाट."

"आणि नाही आली तर?" ताईने विचारलं.

 बायकोला त्याने टेबलाशी बसवलं आणि आत जाऊन दार ओढून घेतलं.

शांतता. फोमचा वास. काचेतून चार चेहरे, आणि त्यांच्या मागे टॉवेलने हात पुसत आलेले अप्पा. थोरल्याने डोळे मिटले. मुठी पुढे धरल्या. वाट पाहिली. पाण्याच्या टाकीच्या वळणावर गाडी यायला जेवढा वेळ लागेल तेवढा वेळ जाऊ देऊन तो आपणहून डावीकडे कलला. काही नाही. ये, तो मनात म्हणाला, चुकलं, ये. अंधारात एक दार उघडं आहे आणि पलीकडे सगळं घर जमलंय, त्याच्याबद्दल बोलतंय, हसतंय, आणि त्याला फक्त ओठ हलताना दिसताहेत, असं त्याला वाटलं. स्वतःचं रक्तसुद्धा ऐकू येत नव्हतं.

मग त्याने बटण दाबलं.

बाहेर आल्यावर तो कुणाकडे न बघता म्हणाला, "हो. आली ऐकू."

धाकट्याने टाळी वाजवली. आईने डोळे पुसले. अप्पांनी टॉवेल खांद्यावर टाकला आणि कितीतरी दिवसांनी हवा सोडून दुसऱ्या विषयावर त्याला प्रश्न केला.

"कुठे होती?"

"कोपऱ्यावर," थोरला म्हणाला. "अगदी स्पष्ट. इंजिनचा आवाज कोपऱ्यावरून थेट फाटकापर्यंत आला."

अप्पा त्याच्याकडे बघत राहिले. कोपऱ्यावर ते इंजिन बंद करत. उभ्या आयुष्यात एकदाही त्यांनी ते फाटकापर्यंत चालू आणलं नव्हतं, आणि हे दुसऱ्या गावच्या पोस्टमास्तरलाही ठाऊक होतं.

"नाही आली," थोरला म्हणाला. मग खालीच बसला, कपाटाच्या पायरीवर. "मला नाही येत, अप्पा. सगळ्यांना येते, मला येत नाही. मी ढकलली म्हणून येत नाही."

अप्पा काठी टेकत जवळ आले. पायरीवर त्यांना बसता येत नव्हतं, नव्या खुब्याला ते चालत नव्हतं, म्हणून ते नुसते शेजारी उभे राहिले.

"जाऊ दे," ते म्हणाले. "विकली ती विकली. आता नको आणायला."

 ताई थोरल्याकडे बघत होती, आई बघत होती. धाकट्याने तर भुवया कपाळापर्यंत नेल्या होत्या.

"छे," थोरला म्हणाला.

"कशाला? मला काय चालवता येणार आहे?"

"छे, अप्पा."

"तुझं दुकान मोडेल."

"छे छे."

"बघ बुवा," अप्पा म्हणाले. "तुझी मर्जी." आणि त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, टाकीवर बसलेल्या पोराला सांभाळून धरावं तसा.

धाकटा टकलूला फोन लावत बाहेर पळाला. आई म्हणाली, मला आज मुळीच भूक नाही, आणि ताई छे म्हणायला तिच्या मागे स्वयंपाकघरात गेली. कपाटाच्या काचेमागची खुर्ची रिकामी होती. टेबलावरचा दिवा एकदा लागला आणि विझला. तिकडे कुणी पाहिलं नाही. अप्पा आणि थोरला पाठमोरे होते, आणि बायको यंत्रातून निघालेला कागद वाचत होती.

"अहो," ती म्हणाली, "तुम्ही आत होतात तेव्हा मी सवयीने खटका चालू केला. नेहमीची चाचणी घेतली."

"मग?"

"वरचे स्वर सोडायच्या आतच तुम्ही उठलात. खालच्या पट्टीतले, इंजिनासारखे घुमणारे, सगळे सोडले होते, चांगल्या मोठ्या आवाजात. एकालाही तुम्ही बटण दाबलं नाही. दाबलंत ते एकदाच, मधे मी थांबले होते तेव्हा."

थोरल्याने कागद हातात घेतला. असे कागद त्याने पंचवीस वर्षं लोकांना समजावून सांगितले होते, त्यामुळे त्याला फार वेळ लागला नाही. त्याला दोन्ही कानांनी कमी ऐकू येत होतं.